अंबूबाईचे तोटीचे डबे

अंबूबाईला गावात कोणी चांगलं म्हटलेलं मी ऐकलं नाही. तीही कोणाला चांगलं म्हणत नसे, त्यामुळे फिट्टंफाट होती. उंच, हाडापेरानं रुंद बाई. कपाळावर आडवं कुंकू, आणि बोलणं असं की समोरच्यानं दोन पावलं मागं सरावं. वडनेरात आमचं घर तिच्या घराला लागून होतं. मधली मातीची भिंत एकच. तिकडचं भांडण इकडं स्वच्छ ऐकू यायचं आणि माझी आई, आशाबाई, हातातलं काम टाकून भिंतीशी जाऊन उभी राहायची. पुढं जे सांगतो आहे त्यातलं बरंचसं आईनं असं भिंतीतून ऐकलेलं, काही तिनं डोळ्यांनी पाहिलेलं, आणि शेवटचं थोडं माझं स्वतःचं आहे.

अंबू मूळची बीबीची. बीबी म्हणजे मेहकरच्याही पलीकडं, जालन्याच्या अंगाला. तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चाले, पण बीबीकडच्या माणसांचं येणंजाणं, सोयरिकी, बोलणं सगळं जालन्याकडं झुकलेलं. आम्ही 'मले' म्हणतो, ते 'मला' म्हणतात. एवढ्या लांबून महादेवरावानं बायको का केली, तर जवळपास कोणी पोरगी दिली नाही म्हणून. शेती बरी होती, माणूस गरीब स्वभावाचा होता, पण त्याच्या घरात सरस्वतीबाई होती.

सरस्वतीबाई म्हणजे महादेवरावाची वहिनी. थोरला भाऊ पटकीच्या साथीत गेला तेव्हा महादेवराव मिसरूड न फुटलेला पोरगा होता. त्याला तिनं वाढवलं, सालदाराकडून शेत करून घेतलं, घर सांभाळलं. ते तिनं खरंच केलं, त्यात खोटं नाही. पण त्या बदल्यात घरातली प्रत्येक वस्तू तिच्या हाताखालून गेली पाहिजे, असा तिचा खाक्या होता. आणि आमच्या गावात पाण्याइतकी मोलाची वस्तू दुसरी नव्हती.

आमच्या आळीच्या विहिरी खाऱ्या. जनावरं पितात, कपडे धुता येतात, साबणाला फेस मात्र येत नाही. माणसाच्या पोटात गेलं की हगवण. गोडं पाणी दोन कोसांवर, माळाच्या पायथ्याच्या विहिरीत. ज्याच्याकडं बंडी होती तो आठवड्यातून दोनदा बैल जुंपून पितळी गुंड भरून आणी आणि घरी मडक्यांत ओती.

लग्न होऊन अंबू आली त्याच आठवड्यात घरी पाहुणे जेवायला होते. सरस्वतीबाईनं तिला तुरीची डाळ काढून दिली आणि आंगणातल्या विहिरीकडं हात केला. खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, हे वडनेरातल्या शेंबड्या पोराला माहीत. अंबूला कोण सांगणार? तिनं चुलीत कपाशीच्या पऱ्हाट्यांवर पऱ्हाट्या घातल्या, धुरानं डोळे सुजवले, पण डाळीचा दाणा टणक तो टणकच. पाहुणे पानावर बसले तेव्हा सरस्वतीबाई वाढता वाढता मोठ्यानं म्हणाली, "बीबीकडं डाळ कच्चीच खातात वाटते. घ्या बाप्पा, चावून खा."

पाहुणे हसले. महादेवराव मान खाली घालून जेवला.

नंतर अंबूनं विचारलं, "मला आधी सांगितलं का नाही?"

"मला मला काय करतं व? मले म्हन. आन् सांगाचं काय त्याच्यात? जीभ नाई का तुले?"

तिथून सुरुवात झाली.

सरस्वतीबाईचं गोडं पाणी सैपाकघरामागच्या अंधाऱ्या खोलीत असे. भिंतीला लागून मडक्यांच्या उतरंडी. खाली मोठा डेरा, त्याच्या तोंडावर चुंबळ, चुंबळीवर मधलं मडकं, त्यावर घागर. सगळी भरलेली. आणलेलं पाणी वरच्या मडक्यांत नितळायचं आणि प्यायचं पाणी खालच्या डेऱ्यात राहायचं. म्हणजे गडवाभर पाणी हवं तर वरची दोन भरली मडकी उतरवायची आणि परत चढवायची. ते सरस्वतीबाईच्याच हाताला जमे. खोलीला कुलूप लावायची तिला कधी गरजच पडली नाही. सकाळी ती स्वतः पाणी काढी. देवाचं वेगळं, सैपाकाचं वेगळं, महादेवरावाचं वेगळं, आणि राहिलं तर अंबूचं.

पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं. पण बीबी लांब, उन्हाळा कडक, आणि सरस्वतीबाई म्हणाली, "नाई पाठवत. तथी गेली का सहा महिने येत नाई हे." अंबूला मुलगा झाला, त्याचं नाव पंजाब. बाळंतिणीची खाट अजून उठली नव्हती. एका दुपारी सरस्वतीबाई कुणाच्या तरी दहाव्याला गेली होती. अंबूला तहान लागली. उशाशी ठेवलेलं पाणी संपलं होतं. तिनं वाट पाहिली, आंगणातल्या विहिरीचं पाणी तोंडात घेऊन पाहिलं, थुंकलं, आणि शेवटी भिंतीला धरत त्या खोलीत गेली.

वरची घागर तिनं उतरवली. मधल्या मडक्याची चुंबळ ओली होऊन चिकटली होती. ओढायला गेली तर मडकं सरकलं, शेजारच्या उतरंडीवर आदळलं आणि सगळी रांग खाली आली.

आवाज ऐकून आई धावली. तिनं जे पाहिलं ते ती म्हातारपणापर्यंत सांगत राहिली. खोलीभर पाणी, मातीची जमीन ते भराभर पिऊन टाकते आहे, आणि अंबू त्या पाण्यात बसली आहे. पायाला खापर लागून रक्त वाहतंय. आणि ती एका फुटक्या डेऱ्याच्या बुडात राहिलेलं पाणी ओंजळीनं पिते आहे, जनावरासारखी, घाईघाईनं.

आईनं पदर फाडून तिचा पाय बांधला. तेवढ्यात सरस्वतीबाई दारात येऊन उभी राहिली. तिनं अंबूकडं पाहिलं नाही. खापरांकडं पाहिलं.

"बंडी आता परवा जाईन," ती म्हणाली. "तोपर्यंत घरानं काय पेयाचं? पाह्य आशा, इचं बाळंतपन केवढ्याले पडलं मले."

बंडी जाईपर्यंत शेजारून मागून आणलेलं गोडं पाणी देवाला आणि सैपाकाला गेलं. अंबूला खारं. तिला हगवण लागली, दूध आटलं. मी तेव्हा आईच्या अंगावर होतो. आईनं एका मांडीवर मला आणि दुसऱ्या मांडीवर पंजाबला घेऊन पाजलं. अंबू खाटेवरून बघत होती. ती म्हणाली, "आशाबाई, या घरात एक तर मडकं राहील, नाहीतर मी राहीन."

पुढचे काही महिने ती गावभर लोकांच्या पाण्याची भांडी बघत हिंडली. कोणाच्याही घरात शिरायची, नमस्कार नाही की बसणं नाही, सरळ पाण्यापाशी. कोणाकडं रांजण जमिनीत पुरलेला. तो तिला पटला नाही. "सगळ्यांचे हात एकाच तोंडात," म्हणाली, "आणि धुवायचा तर आत पोर उतरवावं लागतं." तांब्या-पितळेचे गुंड एकावर एक राहतात, पण ते खांद्याला गोल. दोनाच्या वर तिसरा ठेवला की डुलतात, आणि दर चार दिवसांनी चिंचेनं घासले नाहीत तर पाण्याला कडसर वास. शिवाय घरातलं सगळं पितळ सरस्वतीबाईच्या लग्नातलं. लोक आपलं भांडं दाखवून विचारायचे, "कसं हाय?" ती म्हणायची, "वाईट." त्यामुळे घोटभर पाणी कोणी तिला विचारेनासं झालं.

दिवाळीनंतर महादेवराव कापूस घेऊन नांदुऱ्याला निघाला तेव्हा ती बंडीत चढून बसली. सोबत हवी म्हणून माझ्या आईलाही चढवलं.

नांदुऱ्यात ठेसनाच्या रस्त्यावर बशीर नावाचा पत्र्याचं काम करणारा माणूस बसायचा. हडकुळा, तोंडानं फटकळ. त्याच्या दुकानापुढं राकेलच्या रिकाम्या डब्यांचा ढीग.

"पान्याले पायजे ना?" त्यानं मान वर न करता विचारलं. "हे घ्या. निम्मं वऱ्हाड याच्यातच पानी भरते."

अंबूनं डबा उचलून त्यात नाक घातलं. "वास येतो."

"राखेनं घासा, उन्हात ठेवा. दोन-चार महिन्यांत जाते."

"आणि दोन-चार महिने काय प्यायचं?"

बशीर पुन्हा ठोकायला लागला. तिनं स्वतःच दोन डबे एकावर एक ठेवले, वर हाताचा भार देऊन हलवून पाहिले. चौकोनी डबा चौकोनी डब्यावर नीट बसला, डुलला नाही. ते तिला आवडलं, पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

"खालच्यातलं पाणी कसं काढायचं?"

"वरचा उतरवा."

"वरचा उतरवायचा नाही."

"मंग खालच्यात पानी भरताच कायले?"

आईला हसू आलं. अंबूला नाही. ती म्हणाली, "प्रत्येक डब्याला बुडाशी तोटी लाव. नवा पत्रा घे. आणि बूड असं कर की खालच्याच्या झाकणात बसलं पाहिजे."

"बाई, घरी ठेसनासारखे नळ लावाचे हायत का तुमाले? असा डबा मी आजलोक नाई बनोला आन् बनोत बी नाई."

यावर अंबू त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसली. गिऱ्हाईक आलं. त्यानं राकेलचा डबा हातात घेतला की ही म्हणे, "वास मारतो. पोटात मळमळतं." पहिलं गिऱ्हाईक डबा ठेवून गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याला तिनं डब्यात नाकच घालायला लावलं.

बशीर हातोडी टाकून उठला. "काऊन माह्या धंद्यावर उठली तू?"

"डबे करून दे. उठते."

"काढा हिला इथून," तो आईला म्हणाला. आईनं हात जोडले. तिच्यानं अंबू हलणार नव्हती.

शेवटी बशीरनं जस्ती पत्रा काढला. काढल्यावर मात्र त्याच्यातला कारागीर जागा झाला आणि भांडणाचा विषय बदलला. भरलेला डबा वरून दाबेल, खालचा चेपेल, म्हणून कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या लागतील, असं तो म्हणे. ती म्हणे, पट्ट्या नको, जड होईल. तो म्हणे, मग घेऊन जा नि चेपू दे. पट्ट्या लागल्या. त्याचा मोबदला म्हणून तिनं एका हातातला चांदीचा गोठ काढून त्याच्या ऐरणीवर ठेवला. बापानं घातलेला गोठ होता.

डबे बंडीत चढवताना बशीर म्हणाला, "पह्यलं पानी फेकून द्या. आन् ताक, आंबिल असलं काई याच्यात ठेवू नोका. आंबट पत्र्याले आन् जोडाच्या डाखाले खाते."

महादेवराव कापूस घालून परत आला. बायकोचा मोकळा हात त्यानं पाहिला, डबे पाहिले, आणि बैल जुंपले.

घरी सरस्वतीबाई दारातच उभी होती. "कोनं बनोले हे?"

"नांदुऱ्याच्या बशीरनं."

"मुसलमानाच्या हातचा डाख, आन् त्याच्यातलं पानी माह्या देवाले?"

खरं तर दर वर्षी तिच्याच आंगणात निजाम कल्हईवाला भाता लावून बसायचा आणि त्याच्या हातची कल्हई लागलेल्या भांड्यांत ती रोज जेवायची. पण ते भांडणात कोणाला आठवतं?

"तुमच्या देवाला तुमचं मडकं आहे," अंबू म्हणाली.

डब्यांना आत जागा मिळाली नाही. अंबूनं ते ओसरीवर, आमच्या भिंतीला टेकवून, एकावर एक रचले. त्या दिवसापासून त्या घरात दोन पाणी झाली. सरस्वतीबाईचं मडक्यातलं, अंबूचं डब्यातलं. महादेवराव कोणाचंच पिईना. एकीचं प्यायलं की दुसरी बघायची. तो वावरातून आला की बैल बांधून आमच्याकडं यायचा, आईच्या हातून गडवा घ्यायचा, प्यायचा, आणि जायचा.

मग बंडीवरून जुंपली. सालदार कडूबा बंडी घेऊन निघाला की सरस्वतीबाई म्हणे, "पह्यले माहे गुंड." अंबू स्वतः बंडीत चढून विहिरीवर गेली, डबे भरले आणि कडेला कड लावून असे रचले की बंडीत मूठ शिरायला जागा उरली नाही. कडूबा गुंड हातात घेऊन उभा.

"मालकीनबाई, हे कोठी ठेवू?"

"तुझ्या डोक्यावर."

त्यानं खरंच एक गुंड डोक्यावर घेऊन दोन कोस आणला. बाकीचे रिकामे आले. पुढच्या खेपेला सरस्वतीबाईनं बंडीचं जू लपवलं. त्यापुढच्या खेपेला अंबूनं गुंडांच्या चुंबळी चुलीत घातल्या. असं ते वर्षभर चाललं.

उन्हाळ्यात एका सकाळी अंबूनं वरच्या डब्याची तोटी सोडली आणि तिच्या नाकाशी वास आला. राकेलचा. रात्रीच्या चिमणीत घालायचं तेल कोणीतरी डब्यात ओतलं होतं. कोणी, ते विचारायची गरज नव्हती.

तिनं आरडाओरडा केला नाही. गडवा भरला आणि आंगणात गेली. सरस्वतीबाई सूप घेऊन ज्वारी पाखडत बसली होती. आई आंगणाच्या भिंतीवरून डोकं काढून पाहत होती.

"जाऊबाई, पाणी प्या."

"मी तुह्या डब्यातलं पेत नाई."

"आजच्या दिवस प्या."

"काऊन?"

"तुमच्या हातची चव आहे त्याला."

सरस्वतीबाईचं सूप थांबलं. अंबूनं गडवा तिच्या तोंडाजवळ नेला. पलीकडं महादेवराव दावं वळत बसला होता. तो उठला. आला. बायकोच्या हातातून त्यानं गडवा काढून घेतला, तोंडाला लावला आणि श्वास न घेता पिऊन टाकला. सगळा. मग गडवा दगडावर आपटला.

आंगणाच्या कोपऱ्यात जाऊन तो ओकायला लागला. ओकता ओकता गुडघ्यावर बसला. दोघी जागच्या हलल्या नाहीत. आई सांगायची, दोघींचेही पाय उचलले जात होते, पण आधी जाईल तिच्यावर आळ येईल, अशा भीतीनं त्या एकमेकींकडं बघत उभ्या राहिल्या. शेवटी आईच भिंत चढून तिकडं उतरली आणि त्याचं डोकं धरलं.

तो खूप दिवस पडून होता. छातीत जे बिघडलं ते कायमचं. खोकला त्याला मरेपर्यंत सुटला नाही. उठून बसता आलं तेव्हा त्यानं दोघींना समोर बोलावलं.

"आजपासून माही बंडी पान्याले जानार नाई," तो म्हणाला. "जिले जे पेयाचं ते तिनं डोक्यावर आनावं. पोरगं आशावैनीच्या घरी पेईन. मी बी तथीच पेईन."

"भाऊजी—" सरस्वतीबाई बोलायला गेली.

"वैनी, तुमी मले वाढोलं. आता गप राहा."

तो तिला एवढं पहिल्यांदाच बोलला होता. अंबूच्या तोंडावर समाधान दिसलं असावं, कारण तो तिच्याकडं वळून म्हणाला, "तू बी."

मग वडनेरानं तो तमाशा रोज पाहिला. पहाटे दोघी निघत. पुढं सरस्वतीबाई पितळी गुंड घेऊन, मागं हाकेच्या अंतरावर अंबू डबा घेऊन. वाटेत एक शब्द नाही. विहिरीवर एक या अंगाला, एक त्या अंगाला. गुंडाचं बूड गोल, चुंबळीवर नेमकं बसतं. चौकोनी डबा डोक्यावर कधीच बसत नाही. पट्ट्यांचे कोपरे टाळूत रुततात, पाणी एका बाजूला झुकलं की मान मोडते. घरी रचायला चांगला तो डबा डोक्यावर छळायचा. गुंड वापरला असता तर झालं असतं, पण अंबूनं तो कधी हातात घेतला नाही. तिच्या टाळूवर रुपयाएवढी जागा उघडी पडली आणि तिथं पुन्हा केस आले नाहीत. मी मोठा झाल्यावर ती जागा पाहिली आहे.

पण सरस्वतीबाईचं वय झालं होतं. तिचे गुडघे गेले. एका पावसाळ्याआधी तिनं नांदुऱ्याला भावाकडं निरोप धाडला. भाऊ बंडी घेऊन आला. तिनं सगळं पितळ बांधलं. मग अंधाऱ्या खोलीत गेली आणि एकेक मडकं बाहेर आणून आंगणाच्या दगडावर फोडू लागली. कुठं घाई नाही, राग नाही, नारळ फोडावा तशी.

"तुले नको होते ना मडके?" अंबूला ती म्हणाली. "घे."

महादेवराव दारात उभा होता. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बंडीत बसली. हे मात्र माझ्या डोळ्यांदेखत झालं. मी आणि पंजाब ओसरीवर होतो.

दुसऱ्या दिवशी महादेवरावानं बंडी पाण्याला जुंपली. डबे ओसरीवरून अंधाऱ्या खोलीत गेले. अंबूबाई घराची मालकीण झाली. ती जाता येता बोटाच्या पेरानं प्रत्येक डब्यावर टिचकी मारायची. आवाजावरून तिला कळायचं पाणी किती उतरलं. कोणी किती प्यायलं ते ती तोंडावर सांगायची. पण तोट्या सगळ्यांना मोकळ्या होत्या. पोरं, सालदार, आल्यागेल्या बाया, कोणीही तोटी सोडावी. याचा तिला मोठा तोरा होता. "माह्या घरी पान्याले कोनी कोनाच्या तोंडाकडं पाहात नाई," ती म्हणायची. एव्हाना तीही 'मले' आणि 'माहं' बोलू लागली होती.

बऱ्याच वर्षांनी डब्यांची बुडं गंजून झिरपायला लागली. पंजाबचं लग्न नुकतंच झालेलं. अंबूबाई ते डबे बंडीत घालून, आईला घेऊन नांदुऱ्याला बशीरकडं गेली. मीच बंडी हाकली.

बशीरची दाढी पांढरी झाली होती. दुकानापुढं राकेलचे डबे थोडे आणि तोटीचे डबे जास्त. हारीनं रचलेले.

"माहा डबा तू गावाले इकून राह्यला?" अंबूबाई कडाडली.

"तुमचा डबा तुमच्या घरी हाय. हे माहे," बशीर म्हणाला.

दुकानाच्या सावलीत पायरीवर एक म्हातारी बसली होती. ती म्हणाली, "आधी माहं काम उरक रे बशीर. मंग भांड इच्याशी."

सरस्वतीबाई होती. वाळून अर्धी झालेली, पण आवाज तोच. तिच्यासाठी एकच लहानसा डबा तयार होत होता. तिच्या भावजयीनं तिला घरच्या पाण्याला हात लावायची बंदी केली होती, हे आम्हाला नंतर कळलं.

अंबूबाई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "आता चालते का देवाले?"

"माह्या देवाचं तू पाहू नको. तुह्या डब्यापेक्षा जाड पत्रा घेतला मी."

अंबूबाईनं डबा पाहिला. झाकणाला लोखंडी कडी होती. तोटीलाही तसलीच, कुलूप अडकवायची. "हे कायले?"

सरस्वतीबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं. "तू अजून उघडंच ठेवते का? सून आली ना आता तुले. कळन."

आईनं अंबूबाईचा दंड धरला. "चाल व. काम टाकून जाऊ, उद्या येऊ."

अंबूबाई हलली नाही. बशीर डाख द्यायचं थांबवून बघत होता. थोड्या वेळानं ती त्याला म्हणाली, "माह्याबी डब्यायले कड्या लाव. झाकनाले अन् तोटीले."

सरस्वतीबाई हसली. तिचे पुढचे दात पडलेले होते. आई म्हणायची, एवढ्या वर्षांत तिनं सरस्वतीबाईला हसताना तेव्हाच पाहिलं. त्यापुढं दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. बशीरचं काम होईपर्यंत त्याच पायरीवर, एक या टोकाला, एक त्या टोकाला, बसून राहिल्या.

पंजाबची बायको वच्छला खात्यापित्या घरची पोरगी. डब्यांना कुलपं लागली त्याच दिवशी ती म्हणाली, "आत्याबाई, किल्ली कोठी हाय?"

"किल्ली कायले पायजे? कितीक पानी पायजे ते सांग. मी काढून देते."

वच्छलानं सांगितलं नाही. ती आमच्याकडं आली आणि आईकडून पाणी घेऊन गेली. आई तिच्या मागोमाग गेली. "अंबू, कुलूप काढ व," ती म्हणाली.

"तुह्या घरच्या पान्याचं तू पाह्य आशा."

त्यानंतर आई भिंतीशी उभी राहिली नाही. तिकडून आवाज आला की ती उठून परसात जायची.

महादेवराव खोकत खोकत एका हिवाळ्यात गेला. पंजाबनं वर्षभर काढलं आणि मग वच्छलाला घेऊन नांदुऱ्याला जिनिंगच्या कामावर गेला. जाताना तो आमच्याकडं पाणी पिऊन गेला. अंबूबाई एकटी राहिली. कडूबा मुकाट बंडी भरून आणायचा, ती डबे भरून घ्यायची, कुलपं लावायची. एकटीला किती पाणी लागतं? पाणी डब्यांत पडून राहायचं.

सरस्वतीबाई गेल्याची खबर तिच्या भावाचा गडी घेऊन आला. मी तेव्हा आमच्या ओसरीवर होतो. अंबूबाई दारात उभी राहून ऐकत होती. कशानं गेली, कधी गेली, काही विचारलं नाही. गडी जायला वळला तेव्हा म्हणाली, "तिचा डबा?"

"भावजय वापरून राह्यली."

"कुलूप?"

"तोडलं. किल्ली भेटली नाई कोनाले."

अंबूबाईनं मान हलवली. मग आंगणातल्या विहिरीवर गेली आणि नातं होतं म्हणून सुतकाची आंघोळ केली, त्याच खाऱ्या पाण्यानं, डोक्यावरून.